हंगामी सरकारचं टपाल

॥ श्री ॥
साखर कारखाना वसाहत,
पूर्व आफ्रिका
१२ ऑगस्ट १९९१

ती. आईस,
रघुनाथचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. हे वाक्य सारजाकडून दोनदा वाचून घे. इथली जुनी राजवट मे महिन्यात कोसळली. बडे साहेब पळाले आणि आता हंगामी सरकार आलं आहे. त्यांनी घटना लिहायची, निवडणूक घ्यायची आणि देश प्रजासत्ताक झाल्याचं जाहीर करायचं. तोवर टपालाचा शिक्कासुद्धा लाकडात कोरलेला. आपल्या सणसरला हंगाम संपला की माणूस घरी जातो, इथं मात्र आम्हा परदेशी लोकांचे पासपोर्ट नव्या परवान्यासाठी जमा करून घेतले आहेत. परवाना मिळाला की निघतो.

एक सांगायचं राहिलं. पत्रातून कोणी नोटा बाहेर पाठवू नयेत म्हणून टपालातला शिपाई प्रत्येक पाकिटाचा कोपरा कापून आत डोकावतो. तेव्हा दचकू नकोस. आपल्याकडं मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात, हे त्या बाबाला कोण सांगणार?

पुढचं सारजानं मनात वाचावं. लग्नाला दोन वर्षं झाली, त्यातले सोळा महिने मी इकडं. भांडायचं पुष्कळ शिल्लक आहे, सगळं साठवून ठेव.

पायांवर डोकं ठेवतो. जीव लावते आहेस तसाच लावत जा.
तुझा, रघुनाथ

॥ श्री ॥
पूर्व आफ्रिका
३ मार्च १९९२

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सणसरहून अवाक्षर नाही, म्हणून थोरल्या बहिणीच्या दारात कोऱ्हाळ्याला तक्रार घेऊन आलो आहे. मधे पाच महिने इथलं परदेशी टपाल बंद होतं, ते आता सुरू झालं. आईला लिहिता येत नाही हे मान्य, पण सारजा सातवी शिकलेली आहे. रुसली असेल तर तसं लिहावं, रुसण्याला टपालखर्च माझा.

परवान्याच्या खिडकीवर रोज जातो. निवडणूक होऊ दे, मग बघू, एवढंच उत्तर मिळतं. दादासाहेब भाऊजींना नमस्कार. राग नसावा, उत्तर असावं.
तुझा, रघुनाथ

॥ श्री ॥
कोऱ्हाळे बुद्रुक
६ एप्रिल १९९२

चि. रघुनाथ यास आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबा, ज्या हातानं आता आशीर्वाद लिहिते, त्याच हातानं मी तुझ्या तेराव्याचं जेवण वाढलं.

तुझं ऑगस्टचं पत्र पोचलं होतं. आई दारात एकटीच होती. परदेशी तिकीट पाहिलं, कापलेला कोपरा पाहिला, आणि असला कागद उंबऱ्याच्या आत नगं म्हणून तिनं तो तिथंच फाडून कालव्यात टाकला. तिकडं गोळीबार झाल्याचं रेडिओवर सगळ्यांनी ऐकलं होतंच. सारजा उसाच्या खुरपणीवरून पळत आली, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, की अक्षर कुणाचं होतं. वाचलंच नव्हतं तर सांगणार कोण? पुढं चार-आठ दिवस ती दिसेल त्याला तेच विचारत होती. आम्हाला वाटलं, दुःखानं भ्रमली. शाळेतल्या मास्तरांनी तुझ्या कारखान्याला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही.

आता जे लिहिते ते बसून वाच. माघात आईनं सारजाचा पाट लावून दिला. पोरीचं वय ते काय, मी उद्या गेले तर तिला कोण हाय, असं म्हणत आईनंच स्थळ शोधलं. लेकीसारखी साडी नेसवून पाठवणी केली. भिगवणचे म्हस्कू म्हणून आहेत, स्टेशनजवळ खानावळ चालवतात, पहिली बायको वारलेली. माणूस सरळ आहे. तुझं मार्चचं पत्र घेऊन मास्तर तिकडं गेले, तेव्हा म्हस्कू एवढंच म्हणाले, की तिची मर्जी असंल तसं करा, मी आडवा येणार न्हाय.

आई अंथरुणाला लागली नाही, बरी आहे. पण जेवायला बसली की हात थांबतो. तुझा राग माझ्यावर काढ, तिच्यावर नको.
तुझी आक्का, विमल

॥ श्री ॥
पूर्व आफ्रिका
९ मे १९९२

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

राग कोणाचा करू? चूक माझीच. जे पाकिटाच्या बाहेर लिहायला हवं होतं, ते मी आत लिहिलं.

सारजाला माझा निरोप दे. पाट लागला, त्याचं मला काही नाही. ती म्हणेल त्या दिवशी मी तिला घरी आणीन आणि कोणाला एक शब्द बोलू देणार नाही. इथं पुढच्या महिन्यात निवडणूक आहे, परवाना आता मिळेलच. तिनं फक्त हो म्हणावं. आईला सांग, पोटभर जेवत जा.
तुझा, रघुनाथ

॥ श्री ॥
भिगवण
२० जून १९९२

रा. रा. रघुनाथराव यांस,
सारजाचा नमस्कार. मायना चुकला असेल तर माफ करा, दुसरा सुचला नाही.

आक्कांनी निरोप दिला. तुम्ही जिवंत आहात हे मास्तरांकडून ऐकलं, तेव्हा मी चुलीपुढं बसले ती उठलेच नाही. त्या दिवशीच्या भाकरी यांनी थापल्या. तुम्ही गेलात म्हणून सहा महिने रडले, तेव्हा सगळं गाव जवळ बसत होतं. तुम्ही आहात म्हणून रडायचं, तर कोणाजवळ जाऊ?

अक्षर कुणाचं, असं मी विचारत होते. एका माणसानं जरी ते पाहिलं असतं, तरी मी थांबले असते. दहा वर्षं थांबले असते.

मला चौथा महिना आहे. आक्कांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी तुम्हाला आशा लावली. त्यांना बोलू नका. हे म्हणतात, अजून जायचं असलं तर जा. त्यांनी असं म्हटलं म्हणूनच मला जाता येत नाही.

परवाना मिळाला की या. आत्याबाईंना तुमची गरज आहे. त्यांना मी काही बोललेले नाही, तुम्हीही बोलू नका. मुंबईहून गाडीनं याल, तर दौंडलाच उतरा आणि एस.टी. धरा. भिगवणला गाडी थांबते, आणि आमच्या दारातून फलाट दिसतो. तुमच्या नावानं बांगड्या फोडल्या, यांच्या नावानं भरल्या. आता तिसऱ्यांदा हात पुढं करायचं बळ माझ्यात नाही.

तब्येतीला जपा. लोभ ठेवा असं लिहायची रीत आहे, पण तो ठेवू नका.

तुमची कोण म्हणून सही करावी ते कळलं नाही.
सारजा