ऱ्हस्व वेलांटीचा खण

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या गॅलरीबाहेर उमेदवाराचा कापडी बॅनर टांगलाय. मावळतीच्या उन्हात आतून अक्षरं उलटी दिसत होती. सुमन म्हणाली, "अहो, काय लिहिलंय कळतंय का?" मी एका दमात वाचलं, चुकीसकट! 'विकास'ला दीर्घ वेलांटी.

गिरगावातल्या छापखान्यात चाळीस वर्षं शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, पेटीतल्या ज्याच्या त्याच्या खणातून उचलून जुळवले, ते असेच उलटे वाचायचे. पुढाऱ्यांच्या वेलांट्या तेव्हा आम्हीच गुपचूप सुधारायचो.

पण नवल पुढेच. माझा हात आपोआप उठला आणि थेट ऱ्हस्व वेलांटीच्या खणाकडे गेला. खण कसला, नुसती हवा! सुमनला वाटलं चहा मागतोय, तिने हातात कप दिला.

छापखान्याने मला शाल-नारळ देऊन निरोप दिला. हाताला कुणी सांगितलंच नाही का?