पोळ्यापासूनचा चष्मा

सौंसर, १४ ऑक्टोबर २०२४

सौ. अश्विनीताईस,
प्रफुल्लचा सा. न. वि. वि.

लिहीन लिहीन म्हणता दसरा निघून गेला. तू मला घरी पाठवलं होतं अतुलदादा अन् सुचितावहिनीचं काय बिनसलं ते पाहायला, अन् मी मधातच संत्र्याच्या ट्रकवर बसून अमरावतीला जाऊन आलो. तिथं एक जण ट्रकमागं पोपट रंगवते. असा पोपट की दाणा टाकावा वाटते. ते नंतर. फोनवर सांगितलं असतं, पण आई फोन स्पीकरवर टाकते अन् अर्ध्या आळीला कळते.

तर आल्या आल्या मी वहिनीला म्हटलं, चष्मा चांगला दिसून राहिला. वहिनी रडायलाच लागली. एवढ्यात कोणी रडते का? मग म्हणाली, पोळ्यापासून लावते, घरात तुम्हीच पहिले बोलले.

ताई, लिहायची लाज वाटते, पण लिहितो. दादा दिवसभर फोनमध्ये तसले व्हिडिओ पाहून राहिला. मी स्कोर पाहायला फोन घेतला तर तेच उघडं. लाजला नाही, म्हणे सगळेच पाहतात. वहिनीपुढं फोन धरते अन् म्हणते, अशी राह्य. ती नाही म्हणाली की म्हणते, तुझ्यातच खोट आहे. बैलबाजारात व्यापारी दात पाहते, तसा पाहते तिच्याकडं. व्यापारी निदान बैलाच्या पाठीवरून हात तरी फिरवते.

आईला त्यानं एवढंच सांगितलं की बायको जवळ येत नाही. आईनं ठरवलं, सुनेला बाहेरचं लागलं. शनिवारी जीपनं जामसांवलीच्या हनुमानाकडं ते उतरवायला न्यायचं. बाबा पेपर वाचून राहिले.

काय करू ते कळव. भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्रानं कमी करू नको.

तुझा,
प्रफुल्ल


पांढुर्णा, १६ ऑक्टोबर २०२४

चि. प्रफुल्ल यास,
अनेक आशीर्वाद.

पोपट राहू दे. शनिवारच्या आत आईला सांग की न्यायचं असेल तर अतुलला न्या. सुचिता एकदा त्या जीपमध्ये बसली की आळीसाठी ती जन्मभर 'लागलेली' बाई, आणि अतुल बिचारा. बाबांनाही सांग, पेपर बाजूला ठेवायला लावून.

मला पाहायला आले होते तेव्हा अंगणात चालून दाखवायला लावलं होतं, आठवतं? जाताना एकदा, येताना एकदा. आई कौतुकानं हसत होती. अतुल तेव्हा पोह्याच्या बशा फिरवत होता. त्याला हे सगळं फोननंच शिकवलं असं नाही. पण आता तो माणूस पाहायचंच विसरला, आणि हे त्याला कोणीतरी तोंडावर सांगायला हवं. तू सांग. ट्रकवर बसू नकोस.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहे म्हणूनच रागावते.

तुझी,
ताई


मोहगाव, २० ऑक्टोबर २०२४

सौ. अश्विनीताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. दादा म्हणे, तू आपले ट्रक मोज. आई म्हणाली, पुरुषाच्या जातीले चालते. बाबांनी पेपरची घडी केली, मग दुसरं पान काढलं.

शनिवारी जीप आली. वहिनी तयार होऊन, चष्मा लावून बाहेर आली. दादा ओट्यावर फोनमध्ये. तिनं त्याच्या हातातून चालू फोन घेतला, आईच्या हातात दिला अन् म्हणाली, आधी हे पाहा, मग सांगा कोणाले न्यायचं. तुमच्या पोराले माझा चष्मा पोळ्यापासून दिसला नाही.

आईनं पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग विचारलं, ही कोणाची पोरगी आहे? दादा म्हणाला, मले काय माहीत. आई म्हणाली, तिच्या मायले माहीत असंन. अन् जीपवाल्याला सांगितलं, जामसांवली नाही, सुनेले तिच्या माहेरी मोहगावले सोडून दे. मीच सोबत आलो. रस्त्यात मी पोपटाची गोष्ट सांगितली, तर वहिनी खिडकीबाहेर पाहत थोडी हसली.

आता इथं ओसरीवर बसून लिहून राहिलो. ती परत येईल का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. तिच्या बाबांनी मला संत्री सोलून दिली अन् तेही काही विचारत नाहीत. ही माणसं

ताई, वाक्य सोडतो. फाटकात दादा उभा आहे. बसनं आला, एकटाच. मला हळूच विचारते, तिनं चष्मा काहून लावला रे? फोनमध्ये इतक्या बाया आहेत म्हणे, अन् तिचा चष्म्यातला एकही फोटो नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे पण मी सांगणार नाही, तिलाच विचार.

वहिनीनं आतून सांगितलं, पाय धुवायले पाणी द्या, बसू द्या. मी येईन तेव्हा येईन.

पाणी द्यायला उठतो. माया अशीच राहू दे.

प्रफुल्ल