झाकणावरची पिशवी

६ सप्टेंबर

ती. भाऊजींस धाकटीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हं म्हणता. मग लाइन तुटली की तुम्हीच ठेवला, तेही कळत नाही. पत्रात निदान वाक्यं पुरी करता, म्हणून पत्र.

आमच्या ठमीला नेमणूक मिळाली. आरोग्य केंद्रात नर्स म्हणून, एक ऑक्टोबरपासून. केंद्र आमच्या इथल्या मोठ्या रस्त्यापासून सात किलोमीटर आत आहे. तिची पाळी सकाळी सातला सुरू होते आणि पहिली बस साडेसातला सुटते. हे म्हणाले, राहू दे, दुसरी मिळेल. त्यावर ठमीने हातातला घास तसाच ठेवून सांगितलं, की मावशीची गाडी आहे की.

तेव्हा विचारते. ताईने दवाखान्यात आपल्या तिघांसमोर सांगितलं होतं, की ठमीला नोकरी लागली की गाडी तिची. तुम्ही मान हलवली होतीत. पण आजारी माणसासमोर सगळेच मान हलवतात. पुढच्या महिन्यात ताईला जाऊन वर्ष होईल. या वर्षात तुम्ही गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही, म्हणून परत विचारलं. ताई चालवायची तेव्हा तुम्ही शेजारी बसून दोन्ही पायांनी नसलेला ब्रेक दाबायचात, हे आठवून ठमी अजून हसते. आता खरा ब्रेक दाबत इथवर घेऊन याल का?

तब्येतीला जपा. भाजीत मीठ घालता ना, की तेही विसरता? आमचा जीव तुमच्यात असतो, एवढं ध्यानात ठेवा.

तुमची
धाकटी

---

११ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. ठमीचं अभिनंदन. गाडी तिचीच आहे. मान मी खरी हलवली होती.

मीठ घालतो. कधी कधी दोनदा पडतं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी संध्याकाळी गाडी बाहेर काढली. वर्षभर दर रविवारी मी ती जागेवरच पाच मिनिटं चालू ठेवतो, त्यामुळे ती धावेल असं धरून चाललो होतो. गेले दोन-तीन रविवार इंजिन मधूनच खोकत होतं. वयामुळे असेल असं वाटलं. त्या दिवशी सुरू झाली, फाटकाबाहेर पडली, कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत गेली आणि तीन गचके देऊन बंद पडली. शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून धक्का मारायला आला. त्याने विचारलं, की ताई कधी अशी बंद पाडत नव्हत्या, तुम्ही काय केलंत? मी म्हटलं, बघतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री येऊन गेला. तुझ्या ताईशी प्रत्येक बिघाडावर वाद घालायचा, तोच. त्याने पेट्रोलची नळी सोडून एका काचेच्या बाटलीत थोडं काढलं आणि बाटली खिडकीत ठेवली. दहा मिनिटांत दोन थर झाले. वर पिवळसर पेट्रोल, खाली पाणी आणि मध्ये सरळ रेघ. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मी हाच प्रयोग रॉकेल घेऊन मांडत आलो. रेघ बघून पोरं ओरडायची. मी ओरडलो नाही, पण बराच वेळ बघत राहिलो.

मिस्त्रीचं म्हणणं असं की पाणी जड, ते टाकीच्या तळाशी बसतं, आणि नळीही तळातूनच ओढते. म्हणून इंजिनाला पेट्रोलऐवजी पाणी जातं. टाकी उतरवून सगळं ओतून द्यावं लागेल. काम दोन दिवसांचं आहे. महिनाअखेर अजून लांब आहे.

घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझे
भाऊजी

---

१५ सप्टेंबर

ती. भाऊजींस धाकटीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून हे इतके भडकले की चहा गार झाला. पेट्रोलमध्ये पाणी म्हणजे पंपवाल्याची लबाडी, दुसरं काय? यांनी तक्रारअर्जाचा मसुदाही केला आहे, दोन पानी, सोबत पाठवते. फक्त पंपाचं नाव आणि पेट्रोल भरल्याची तारीख तेवढी रिकामी सोडली आहे, ती तुम्ही भरा. कोणत्या पंपावर भरलंत? पावती ठेवली असेलच, तुम्ही तर पोस्टाच्या पाकिटाचीही ठेवता.

आता रागावू नका, पण एक लिहितेच. मिस्त्रीचं काम दोन दिवसांचं, आणि त्याला येऊन गेल्याला आता चार-पाच दिवस झाले. काल तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात की टाकी अजून उतरवलेली नाही, आणि का ते सांगितलं नाही. भाऊजी, गाडी द्यायला मन होत नसेल तर तसं सरळ सांगा. ताईची वस्तू आहे, मला समजतं. तिची शाल मी अजून धुतलेली नाही. पण ठमीला वीस तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. गाडी येणार नसेल तर ती नोकरी सोडेल, तुम्हाला एक शब्द बोलणार नाही, आणि तेच मला बघवणार नाही.

मोकळेपणाने लिहा. काही लिहिलंत तरी आपल्यात अंतर पडायचं नाही.

तुमची
धाकटी

---

१७ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

तक्रारअर्ज परत पाठवत आहे. चांगला लिहिला आहे, पण पंपवाल्याचा दोष नाही. पावती माझ्याकडे नाही. कोणता पंप तेही मला माहीत नाही. पेट्रोल तुझ्या ताईने भरलं होतं.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ती एकटीच जाऊन भरून आली. मी विचारलं, आता कशाला? ती म्हणाली, गाडी उपाशी ठेवू नये. त्यानंतर मी त्यात थेंबही घातलेला नाही. रविवारी पाच मिनिटं एवढ्यासाठीच, की जास्त संपू नये. काट्याकडे बघून बंद करायचो. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

आता पाण्याचं. तुला आठवत असेल, मागच्या चाकाच्या वर टाकीचं झाकण आहे आणि त्याच्याभोवती वाटीसारखा खळगा आहे. त्या झाकणावर प्लास्टिकची एक मळकी पिशवी रबर लावून बांधलेली असायची. मला ती कधीच आवडली नाही. जुलैमध्ये गाडी स्वच्छ करताना मी ती काढून टाकली. तुझी ताई गाडी ओल्या फडक्याने पुसायची, गाडीला आंघोळ नको म्हणायची. मला वाटलं आपण जास्त चांगलं करू. दर रविवारी बागेच्या पाइपने धुवायला लागलो. झाकणाच्या आतलं रबर सुकून चिरलेलं होतं, म्हणून पिशवी होती. हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. खळग्यात पाणी साचायचं आणि आत उतरायचं. मिस्त्रीने झाकण उघडून रबर दाखवलं आणि विचारलं, की पिशवी कुठे गेली? त्यालाही पिशवी माहीत होती.

म्हणजे तिचं पेट्रोल मी जपलं आणि मीच नासवलं.

मिस्त्री दोनदा टाकी उतरवायला आला. दोन्ही वेळा मी त्याला उद्या ये म्हणून परत पाठवलं. तुझा तर्क अगदीच चुकीचा नाही, पण गाडीबद्दल नाही. गाडी द्यायला माझी ना नाही. ओतून द्यायचं म्हटलं की हात चालत नाही, एवढंच.

ठमीला हो म्हणून कळवायला सांग. माझं मी बघतो.

तुझे
भाऊजी

---

२१ सप्टेंबर

ती. काकांस ठमीचा सा. न. वि. वि.

आईने तुमचं पत्र मला वाचायला दिलं. तिने दिलं हे तुम्हाला सांगू नको म्हणाली, पण मी सांगते.

काका, पिशवीची गोष्ट मला माहीत आहे. मावशीने मला गाडी शिकवली तेव्हाच मी विचारलं होतं. नवीन झाकण आणायचं ती तीन वर्षं विसरत होती. मला म्हणाली होती, की काकांना सांगू नको, ते एकदा म्हणाले की आण, की मग रोज विचारतील, आणलं का? म्हणून तिने पिशवी बांधली आणि तुमच्यापासून लपवायला तुम्हाला सांगितलं, की शोभेसाठी आहे. तुम्ही ते खरं मानलंत, असं सांगताना ती इतकी हसली की गाडी बंद पडली आणि मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत बसला.

म्हणजे चूक निम्मी तिची. तिला सांगता आलं असतं तर तिने कबूल केली असती. वाद घालून, पण केली असती.

मी केंद्राला हो कळवलंय. उशीर झाला तर पहिले काही दिवस चालत जाईन, सात किलोमीटर म्हणजे काही फार नाही. तुम्ही घाई करू नका. पण हेही लिहिते, की आम्ही नर्सा मुदत गेलेलं औषध कोणाला देत नाही, मग ते कोणीही आणलेलं असो.

माझ्यावर आहे तशीच माया असू द्या.

तुमची
ठमी

---

२८ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

ठमीचं पत्र आलं त्या सकाळी मीच मिस्त्रीच्या गॅरेजवर गेलो. टाकी गुरुवारी उतरली. अंगणात पत्र्याच्या डब्यात सगळं काढलं. एकूण साडेअकरा लिटर निघालं. त्यात पाणी सव्वा दोन लिटर.

मिस्त्री म्हणाला ओता. मी घरातून काचेचं नरसाळं आणलं. त्याला खाली तोटी आहे. त्याची मान तडकली म्हणून शाळेने टाकून दिलेलं, मी निवृत्त होताना मागून घेतलं होतं, ते. त्यात मिश्रण भरायचं, थर होऊ द्यायचे, खालचं पाणी सोडायचं आणि रेघ तोटीपाशी आली की बंद करायची. मिस्त्री म्हणाला, हे वरचं पेट्रोल दुसऱ्या डब्यात ओतून पाच मिनिटांत होईल. मी म्हटलं, मला माहीत आहे. बाजूला बसून त्याने झाकणाचं नवं रबर कापलं. दुपार गेली. पेट्रोल सव्वा नऊ लिटर वेगळं झालं, पाण्याचा थेंब नव्हता.

मग त्याने बोट बुडवून वास घेतला आणि मला घ्यायला लावला. पेट्रोलसारखा नव्हता, जुन्या वार्निशसारखा होता. तो म्हणाला, वर्षाचं शिळं आहे, इंजिन हे घेणार नाही, पाणी गेलं नसतं तरी घेतलं नसतं. मी तेवढ्यासाठी तयार नव्हतो. थोडा वेळ आत जाऊन बसलो.

बाहेर आलो तेव्हा त्याने कार्ब्युरेटर सुटा करून ठेवला होता. त्याच्या बारीक भोकांत पांढरा गंज धरला होता. तो म्हणाला, इंजिनात चालणार नाही, पण हे धुवायला याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. त्याने तिचं पेट्रोल थाळीत ओतलं आणि दातांचा जुना ब्रश माझ्या हातात दिला. दोन दिवस आम्ही तेच केलं. एकेक सुटा भाग, नळ्या, आणि शेवटी टाकी आतून तीनदा. नऊ लिटर त्यात संपलं. काही उरलं नाही आणि काही फुकटही गेलं नाही.

गाडी परवा, तीस तारखेला, घेऊन येतो. सकाळी आठला निघेन. माझ्या वेगाने दुपार होईल. जेवायला थांबू नका. परत बसने येईन. शिंप्याने विचारलं, की रिकाम्या जागेत आता काय ठेवणार? अजून ठरलेलं नाही. खाली तेलाचा डाग आहे, तो पुसायचा नाही एवढं ठरलंय.

ठमीला सांग, गाडी पाइपने धुवायची नाही. झाकणाचं रबर नवीन आहे आणि पिशवीची गरज नाही, असं मिस्त्री म्हणतो. तरी मी एक बांधली आहे. शोभेसाठी.

बाकी समोर बोलू. तुम्ही सगळे आहात म्हणून माझं बरं चाललं आहे.

तुझे
भाऊजी

ता. क. आज आयुष्यात पहिल्यांदा मी पेट्रोल भरलं. पंपावरच्या बाईने किती भरू विचारलं. तुझी ताई काय सांगायची ते मी कधी ऐकलंच नव्हतं, गाडीत बसून काट्याकडे बघत असायचो. मी टाकी भरा म्हटलं. पावती घेतली आहे, ती ठमीसाठी गाडीच्या खणात ठेवतो.