दुप्पट बदक

साकोली, शुक्रवार

ती. बायजामावशीस,
रत्नमालाचा सविनय जयभीम.

थंडीत गुडघे दुखत असले तरी तुम्ही ते कबूल करणार नाही, म्हणून विचारत नाही. आम्ही सगळे बरे आहोत. (हे लिहून थांबले. मी बरी नाही, कालपासून धक्क्यात आहे.) फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर ठेवता आणि अर्धे अड्याळ गाव ऐकते.

सुगतला देहरादूनला नोकरी लागली, मंगळवारी निघतो. पोरगा कधी काही मागत नाही, पण गेल्या महिन्यात म्हणाला, "आई, मी लहान असताना तू विणला होता ना बदकाचा स्वेटर, तसाच मले एक करून दे." मावशी, तो तुम्ही विणला होता. मी फक्त लोकर आणली होती, भंडाऱ्याहून. पण बालवाडीत असताना त्याने विचारले, आणि माझ्या तोंडून 'मीच' निघून गेले. त्या दिवशीच्या डायरीत लिहिले आहे, 'उद्या खरे सांगावे.' त्या गोष्टीला अठरा वर्षे झाली.

आता तरी ते खोटे खरे करावे म्हणून तुमची जुनी वही काढली. तुमची मापे सगळी वितीत आणि बोटांत: छाती सव्वा वीत, बाही पाऊण वीत, गळा सात बोटे. सुगतची छाती मोजली तर अडीच वीत. बरोब्बर दुप्पट! (माझी वीत तुमच्या वितीएवढी आहे का, या शंकेला मी डायरीची दोन पाने दिली.) मग बाही, गळा, बदक, सगळेच दुप्पट केले. बी.एस्सी. झालेल्या बाईला दुसरे काय सुचणार? माणूस सगळीकडून सारखा वाढत नाही, हे त्याची आई असून माझ्या लक्षात आले नाही.

काल त्याने घातला. बाह्या कोपराच्या जरा खाली संपल्या. गळा दोन्ही खांद्यांवरून उतरला. तुमचे चिमुकले बदक पोटभर पसरून माझ्याकडे बघत होते. सुगतचे बाबा म्हणाले, "हा गळा व्हय का बदकाले पोहायची बोडी?" आणि सुगत स्वेटर काढत असतानाच त्यांनी आपलेही डोके त्यात घातले. आत गेलेही, मावशी! एका गळ्यात बाप-लेक! सुगत हसला नाही, ते जास्त लागले.

माझे काही मागणे नाही. मन हलके करायला लिहिले.

तुमची,
रत्नमाला

ता.क. मागणे नाही हे खरे नाही. सुगतचे बाबा हे पत्र घेऊन उद्या येतील, पिशवीत स्वेटर असेल. गळा आणि बाह्या उसवून सोमवारपर्यंत नीट करून द्याल का? सुगतला मात्र कळू देऊ नका.

ता.क. २. पाकीट बंद करताना सुगत समोर आला आणि मला राहवले नाही, सगळे सांगून टाकले. म्हणतो, "मले माहीत आहे. चौथीत होतो तेव्हाच बायजाआजीनं सांगतलं." मावशी! चौथीत? मी म्हटले, "मंग मले कायले विणायले लावलं?" तर म्हणतो, "तुह्या हातचा एकही नव्हता म्हणून."

ता.क. ३. पिशवीत स्वेटर नाही. सुगतने तो पुन्हा घातला आणि आता अंगातून काढायलाच तयार नाही. उरलेला एक गोळा पाठवते आहे, त्याचा मफलर करून द्या. तेवढाच गळा झाकेल. (तो तुम्हीच विणलात, हे त्याच दिवशी सांगेन.)