एकच वाट असलेलं घर

३ जुलै

प्रिय ठकूबाई,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत आहोत. आई जेवते, झोपते, माझ्यावर खेकसते, म्हणजे तब्येत उत्तम.

घर बघून तू नाक मुरडलंस. "दादा, यायला एकच पूल, तोही फळ्यांचा." अगं, म्हणूनच तर घेतलं. लहानपणी आपण एका कॉम्प्युटरवर राज्यांचा गेम खेळायचो, आठवतं ना? मनासारखी जागा मिळेपर्यंत मी डाव पुन्हा पुन्हा सुरू करायचो. पाठीशी कडा, समोर नदी, आत यायला एकच वाट, शेजारी लांब. तू मात्र मिळेल त्या उघड्या माळावर बसायचीस आणि सैन्याच्या आधी रस्ते बांधायचीस. आता नोकरीतही पूलच बांधतेस. हे घर पाहिलं आणि वाटलं, चला, एकदाची सुरुवात चांगली मिळाली.

इथे मोबाइलला रेंज नाही, त्याचं मला दुःख नाही. किराणा आणि टपाल पलीकडून दोरीवरच्या टोपलीतून येतं. पूल सध्या बंद आहे. तू टेप लावून त्याची मापं घेत होतीस, ते मी खिडकीतून पाहिलं. आईला न्यायला गाडी दारापर्यंत कशी आणायची, हेच बघत होतीस ना? आई तुला हळूच "मला ने" म्हणाली, तेही ऐकलं. म्हातारं माणूस काहीही बोलतं. तू गेल्यावर मी मधल्या फळ्या काढून आमच्या काठावर रचून ठेवल्या. रागावू नकोस. यायचं असेल तर आधी कळव, मग बघू.

तुझा
दादा

१९ जुलै

ठके,

आईला ताप आहे. सर्दी असेल म्हणून काढा देत राहिलो. कुणाला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू आली असतीस. हे वाक्य वाचून माझी मलाच लाज वाटली, पण खोडत नाही.

नदी फुगली आणि रचलेल्या फळ्यांसकट पुलावर उरलेल्याही घेऊन गेली. पुलाच्या तारा तेवढ्या उरल्यात. आज दुकानदाराने डॉक्टरांना पलीकडच्या काठावर आणलं. मी ओरडून लक्षणं सांगितली, त्यांनी ओरडून प्रश्न विचारले आणि टोपलीतून गोळ्या पाठवल्या. म्हणाले, "न्यूमोनिया वाटतोय. आजच हलवा त्यांना." मी विचारलं, "कसं?" त्यांनी टोपलीकडे पाहिलं. तिच्यात जेमतेम बटाटे मावतात. मागच्या कड्यावर शेळीसुद्धा चढत नाही.

त्या गेममध्ये अशा जागेवरून मी एकदाही जिंकलो नव्हतो, हे तुला माहीत आहे. तू हल्ला करायचीच नाहीस. माझ्या एकुलत्या वाटेच्या तोंडाशी चार शिपाई बसवून आपल्या कामाला लागायचीस. आतलं धान्य संपलं की मी कॉम्प्युटरच बंद करायचो आणि तू चीटिंग केलीस म्हणून आईकडे तक्रार न्यायचो. या वेळी वाटेवर कुणीच बसलेलं नाही. मला मीच कोंडून घेतलंय, आणि सोबत तिलाही.

कालपर्यंत ती खोकत होती. आता खोकत नाही, त्याची मला जास्त भीती वाटते. मघाशी तिने डोळे उघडून विचारलं, "ठकी पुलावर आली का रे?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

दुकानदार तुला फोन करेलच. पण फळ्या कुणी काढल्या हे त्याला सांगायला माझी जीभ रेटली नाही, म्हणून हे पत्र त्याच्या माणसाबरोबर पाठवतोय. डॉक्टर माणसं जमवतायत, पण पुलाची मापं कुणाकडेच नाहीत. ती तुझ्याकडे आहेत. फळ्या कापूनच आण. आईला घेऊन जा. मला काही विचारू नकोस.

माझं हो ऐकून ती उठली, चपला घातल्या आणि दाराशी खुर्चीत बसली आहे. पुन्हा आडवी व्हायला तयार नाही.

दादा