ताटलीच्या काठावरची चाल

सोमवार, ४ मार्च

पार्सलने आलं ते: जुना रिसीव्हर एक — तीनशे ऐंशी. हेडफोन एक, डावा कान मुका — पंचवीस. तांब्याची तार वीस मीटर — चाळीस. मोर्सच्या सरावाची ‘की’, म्हणजे टकटक दाबायची कळ, आणि बझर — साठ. नियमांचं पुस्तक, आधीच्या कुणीतरी पेन्सिलीने खुणा केलेलं — पाच. हमालाला दोन. एकूण पाचशे बारा.

वहीत ‘घरसामान’ असं लिहिणार होते. मग खरं तेच लिहिलं — रेडिओ. चार वर्षांपूर्वी याच हाताने जमेच्या बाजूला लिहिलंय: ‘रेडिओ, भंगारात, अकरा किलो.’

तो चिंगीचा होता. कॉलेजात असताना दोन वर्षं एकेक सुटा भाग आणून तिने स्वतः जुळवलेला. मला दिसायचं ते एवढंच — कोपरा अडलाय, वीज जळतेय, पोरगी सोल्डरिंगच्या धुरात डोळे घालून बसलीय. ती परीक्षेला परगावी गेली आणि मी भंगारवाल्याला हाक मारली. परत आली, कोपऱ्याकडे पाहिलं, हातपाय धुतले, जेवायला बसली. पंधराव्या दिवशी बेटावरच्या हवामान केंद्रात नोकरी धरून गेली ती गेलीच. पत्रं यांना येतात. शेवटी एक ओळ — आईला नमस्कार.

तिकडे तिने नवा संच उभा केलाय. दर रविवारी चार वाजता ती हवेत असते, म्हणजे मोर्समध्ये संदेश पाठवते, असं यांना आलेल्या पत्रात होतं. ऐकायला परवाना लागत नाही. उत्तर द्यायला लागतो. म्हणून परीक्षा — मॅट्रिकनंतर एकतीस वर्षांनी!

दिवा लावताना देवाला पास कर म्हटलं नाही. अभ्यास कमी पडला तर त्यात त्याचा काय दोष. नीट ऐकू येऊ दे, एवढंच म्हटलं.

रविवार, १० मार्च

गच्चीवरच्या टाकीपासून कपड्यांच्या खांबापर्यंत रिसीव्हरची तार बांधली. यांनी शिडी धरली. शिडीखालून म्हणाले, पडलीस तर तिला काय कळवू, तेवढं सांगून ठेव.

चौकातले घड्याळजी चारला आले. तीस वर्षं जहाजांवर वायरलेस चालवला, आता घड्याळं दुरुस्त करतात आणि हौशी मंडळींना शिकवतात. हेडफोनचा चांगला कान दोघांच्या मध्ये धरला. मला आधी नुसती चिवचिव. पाच-सहा जण एकदम शिट्ट्या मारतायत असं. त्यांनी खुंटी केसभर फिरवली, डोळे मिटले. म्हणाले, ही तुमची.

मला कशावरून कळणार? जिन्यावर दहा माणसं चढत असली तरी चिंगीचं पाऊल मला ओळखू यायचं. इथे माझीच लेक बोलतेय आणि मला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागलं.

घड्याळजी म्हणाले की पावलांना चाल असते तशी बोटांनाही असते, ओळखाल हळूहळू. मीच तिला कळवू का, असंही विचारलं. नको म्हटलं. ऐकणाऱ्यांना साधं कार्डसुद्धा पाठवता येतं म्हणे — तुमचं स्टेशन इतक्या वाजता ऐकलं, असं. त्यालाही नको म्हटलं. चार वर्षांत तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. तिचं जे मोडलं ते शिकल्याशिवाय तिच्यापुढे जायचं नाही.

मंगळवार, १९ मार्च

मला खोड लागली, मोजायची! एक बारीक, दोन लांब, एक बारीक — असं मोजून मग अक्षर शोधते. तोवर पुढची तीन अक्षरं निघून जातात. घड्याळजींनी पेन्सिल काढून घेतली.

“वहिनी, हिशोब बंद करा. दूध उतू जायला आलं ते तुम्ही मोजून ओळखता का?”

“कुकरच्या शिट्ट्या मोजतेच की.”

त्यावर दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा हसलं. पण त्यांचं खरं आहे. अक्षर तोंडओळखीचं व्हायला हवं. आता माळ ओढताना एकेक मणी एकेक अक्षर धरते. देवाचं नावही त्याच अक्षरांत बसवलं. त्याला चालत असावं.

बुधवार, २७ मार्च

टपाल — दोन तिकिटं. नेहमी एक लागतं. पत्र जाड झालं, हे म्हणाले.

गुरुवार, ४ एप्रिल

आज घड्याळजींनी नवीन चाल वाजवली. डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा. पुन्हा तीच. पुन्हा.

मी म्हटलं, ही मला येते.

ते म्हणाले, कशी येईल, आजच सांगतोय.

पण मला येत होती. आठवी-नववीपासून चिंगी पानावर बसली की वाढून होईपर्यंत ताटलीच्या काठावर चमचा वाजवायची. रोज हीच चाल. मी ओट्याकडे तोंड करून असायची. रोज म्हणायची, पुरे आता ती टकटक. वाढलेलं मुकाट्याने गिळ.

अर्थ विचारला. त्यांनी सहज सांगितला, हातातलं घड्याळ न ठेवता. हवेत आल्यावर सगळ्यात आधी हेच पाठवतात. सी-क्यू. कुणीही ऐकत असाल तर उत्तर द्या.

घरी चालत आले. वाटेत काय घ्यायचं होतं ते विसरले.

सोमवार, २२ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. व्होल्ट, अँपिअर, ओहम — नळाच्या पाण्यासारखं धरलं की कळतं. टाकी उंच तितका जोर, नळी अरुंद तितका अडथळा. नियम तर तोंडपाठ. परवान्याशिवाय की दाबली तर संच जप्त, आणि पुन्हा परवाना मिळण्याची आशा सोडा.

शेजारणीने तारेवरून हटकलं. कपडे वाळत घालायला एवढी लांब तार? म्हटलं, आवाज वाळत घालते. दोन दिवस माझ्याकडे संशयाने बघतेय.

अर्जात एक रकाना होता — ‘परवाना कशासाठी हवा?’ घड्याळजी म्हणाले, तांत्रिक आवड असं सगळे ठोकून देतात. मला ते लिहवेना. ‘शिकण्यासाठी’ लिहिलं. ते तरी खोटं नाही.

एक चिंता आहे. हल्ली तिचा हात मला ओळखू येतो — लांब सूर ती जरा जास्तच ओढते, लहानपणी हाक ओढायची तशी. पण ती सावकाश पाठवतेय. दोन अक्षरांच्या मध्ये एवढी जागा की मधून माणूस जाईल. घड्याळजींच्याही लक्षात आलं. पूर्वी काय सपासप हात चालायचा, आता जड झालाय, म्हणाले. तिकडचं दमट हवामान, एकटीचं खाणंपिणं. हातालाच काही झालं नसेल ना? यांना विचारलं, पत्रात काही आहे का. म्हणाले, तब्येत उत्तम आहे. आणि वर्तमानपत्र उलटं धरून बसले.

रविवार, १२ मे

हे लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.

आमची तार वाऱ्याने तुटली होती, म्हणून चारला दुकानात गेले. घड्याळजींना कुणाचं तरी भिंतीवरचं घड्याळ पोचवायचं होतं. तुम्ही ऐकत बसा, अर्ध्या तासात येतो, म्हणाले आणि गेले. त्यांचा संच चालू. नुसता रिसीव्हर नाही, पाठवायचा ट्रान्समीटरही. समोर पितळेची की, तीस वर्षं बोट लागून मधोमध गुळगुळीत झालेली.

चारला ती आली. ताटलीवरची चाल, मग तिची कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं हवेतलं नाव. थांबली. कुणी नाही. पुन्हा. कुणी नाही. रविवार असून सगळे कुठे गेले होते देव जाणे! पुन्हा बोलावलं. मी मोजायचं नाही ठरवलंय, पण अकरा वेळा. आज अकराही वेळा मला लगेच कळलं. प्रत्येक वेळी थांबून ती वाट बघत होती आणि ती वाट बघणं मला कानात ऐकू येत होतं.

माझं बोट कीवर होतं. दाबलं असतं तर मध्ये काही नव्हतं. दोन शब्द — मी आहे. एवढेच, आणि तेवढे मला येतात.

दाबली नाही. जप्ती माझी झाली असती तर एक वेळ चाललं असतं, पण संच घड्याळजींचा, नाव त्यांचं, परवाना त्यांचा, आणि ते तिथे नाहीत. चार वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या वस्तूला असाच त्याच्या माघारी हात लावला होता मी.

साडेचारला ती बंद झाली. घड्याळजी आले, काही मिळालं का विचारलं. म्हटलं, होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कीकडे पाहिलं, आणि न मागता चहा सांगितला.

शनिवार, ८ जून

परीक्षा. हॉलमध्ये सोळा जण. पर्यवेक्षकाला वाटलं मी कुणाची तरी आई आहे, डबा घेऊन आलेली. बाहेर थांबा, म्हणाला. आहेच, म्हटलं, पण नंबर चौदा पण मीच.

लेखी चांगली गेली. मग मोर्स. पाच मिनिटं ऐकून उतरवायचं. पहिल्या ओळीला सगळं आपोआप येत होतं. मग एक अक्षर चुकलं असं वाटलं, मागे गेले, मोजायला लागले. एक बारीक, दोन लांब...

पुढचं विचारू नये.

शुक्रवार, २१ जून

लेखी — शंभरात अठ्ठ्याऐंशी. मोर्स — नापास. पुढची परीक्षा डिसेंबरात.

घड्याळजी म्हणाले की जहाजावर लागण्याआधी ते स्वतः दोनदा नापास झाले होते. खरं नसेल. माझ्यासाठी बनवलेलं असेल. तरी बरं वाटलं.

देवापुढे बसले. रडले नाही. रिसीव्हर पुसला, धुतलेल्या पंच्याने झाकून ठेवला. विकायचा विचार आला नाही, हे नोंदवून ठेवते.

गुरुवार, २७ जून

यांनी कालच पत्र टाकलं होतं, आज पुन्हा टाकलं. टपालाचा खर्च या महिन्यात दुप्पट. काय एवढं लिहिता, विचारलं. पाऊसपाणी, म्हणाले.

रात्री जेवताना म्हणाले की तार मी जोडलीय. मी म्हटलं, आता कशाला, डिसेंबरात बघू. हात धुऊन आले, दारात थांबले.

“रविवारी चारला बस. इतक्या वर्षांत मी तुला काही कर म्हणून सांगितलं नाही. हे कर.”

त्यांना हो म्हटलं.

रविवार, ३० जून

पंचा काढला. पेन्सिल घेतली नाही, ऐकायचं फक्त. हे शेजारी खुर्ची ओढून बसले, हेडफोनच्या मुक्या कानाशी कान लावून.

चार वाजून तीन मिनिटं. ताटलीवरची चाल. तिची कॉल साइन. मग थांबली नाही. सावकाश, एकेक अक्षर, मध्ये भरपूर जागा सोडून — डि-डा, डि-डा, डि-डिट. आई. पुन्हा — आई. मी काही मोजलं नाही. सगळं आलं, एक अक्षर सुटलं नाही. म्हणून आत्ता लिहू शकतेय.

‘आई. मार्चपासून हळू पाठवतेय, तुझ्यासाठी. कळतंय का? उलट टपाली कळव.’