तेराव्या सालची ओळ

मी, मानोले कोस्ताके व्हर्नाव, वय वर्षे एकवीस, राहणार तेयेश्ती, हल्ली मुक्काम ओइतुझ खिंडीखालची छावणी, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. प्यायलेलो नाही, कुणी धाक घातलेला नाही. माझं डोकं फिरलंय असं म्हणणारे आजवर माझ्या माघारी म्हणत आले, पुढेही म्हणोत. उद्या पलटण खिंड चढणार, म्हणून आजच.

कलम १. हिवाळी कोट धाकट्या पेत्राकेला. त्याची बाही माझ्या वर्गातल्या स्तेरियान हुर्मुझशी झालेल्या मारामारीत फाटली आहे. ती शिवू नये.

कलम २. कायद्याची पुस्तकं. याश शहरात मी कायदा शिकत होतो, तो मध्येच सोडला. वडील लोकांना सांगतात, पोराची तब्येत बिघडली. तब्येत ठणठणीत होती. आईनं पत्रात सहज लिहिलं की स्तेरियान हल्ली दामास्किन सरांकडे लॅटिन वाचायला जातो. सरांच्या घरात सरांची मुलगी झाम्फिराही राहते. मी मिळेल ती गाडी पकडून घरी आलो. पुस्तकं हवी त्यानं न्यावीत, स्तेरियाननं सोडून.

कलम ३. शाळेमागची अक्रोडाची जमीन, जी मला आईकडून आली. अर्गिर शाळेच्या मंडळाचा व्यायामशाळेसाठी तिच्यावर कधीचा डोळा आहे. दिली. पण एका अटीवर, आणि त्या अटीसाठी शाळेची हकिकत सांगणं भाग आहे.

ही शाळाच मुळी एका मृत्युपत्रातून जन्मली. अर्गिर मेणवाल्यानं मरताना मेणबत्त्यांच्या वखारीमागच्या दोन खोल्या दिल्या. पहिले गुरुजी ग्रीकमध्ये शिकवत आणि ग्रीकमध्येच बदडत. वखार जळाली तेव्हा अर्गिरची विधवा स्मारांदा हिनं स्वतःचा द्राक्षमळा विकून आजची दगडी इमारत उभी केली. दर शरदात संस्थापकाच्या श्राद्धाला आम्ही गोड गहू खातो आणि त्याचं मृत्युपत्र मोठ्यानं वाचलं जातं: ‘गावच्या मुलग्यांसाठी.’ अठराशे सत्त्याहत्तरच्या लढाईनंतर जिन्यात संगमरवरी पाटी बसली. दर साली जो पहिला, त्याचं नाव तिच्यावर. त्यातले काही मंत्री झाले, एक बिशप झाला. आमच्याकडे मुलीला स्थळ सांगून आलं की बाप आधी त्या जिन्यात जाऊन येतो.

तेराव्या साली, म्हणजे १९१३ मध्ये, झाम्फिरा बाहेरून परीक्षेला बसली. तिला शेगडीजवळ वेगळं टेबल दिलं होतं. ती पहिली आली. स्तेरियान दुसरा, मी तिसरा. पाटीवर नाव लागलं स्तेरियानचं. मंडळ म्हणालं, संस्थापकांनी मुलगे लिहिलंय.

मी भर सभेत उठून विचारलं, “मग स्मारांदाबाईंचा मळा कसा चालला?”

अध्यक्ष म्हणाले, “बाळ, तुझा नंबर तिसरा. बस खाली.”

तर अट अशी: तेराव्या सालच्या ओळीत ‘झाम्फिरा दामास्किन’ हे नाव कोरावं. न कोरल्यास जमीन शेजारच्या खाटकाला जावी. त्यानं तिथे डुकरं पाळावीत, अगदी वर्गाच्या खिडक्यांना लागून.

आता अडचण. त्या ओळीत स्तेरियान हुर्मुझ आधीच बसलेला आहे. म्हणजे दोघं जगबुडीपर्यंत शेजारी शेजारी, तेही माझ्या अक्रोडांच्या मोबदल्यात. सबब दोन नावांमध्ये हातभर अंतर ठेवावं.

इथवर लिहिलं आणि साक्षीदार शोधायला उठलो. आमच्या तुकडीत वाचता येणारे दोघेच, कंपनीचा न्हावी गित्सा आणि, नशीब माझं, स्तेरियान. त्यानं कागद वाचला आणि हसत सुटला.

“हातभर? अरे, पाटीच दीड हात रुंद आहे. मला काय जिन्यात उतरवतोस?”

“उतर की.”

“तिला विचारलंस का कधी?”

“तू विचारलंस?”

तो हसायचा थांबला. बंदुकीचा पट्टा उगाच घट्ट करत म्हणाला, “विचारलं, लग्नाचं. म्हणाली, माझ्या जागेवर उभ्या असलेल्या माणसाला मी काय उत्तर देऊ?”

मला इतका आनंद झाला की अंतर मी हातभरावरून चार बोटांवर आणलं. तशी दुरुस्ती समजावी.

साक्षीदार पहिला: स्तेरियान हुर्मुझ. वाचलं, खरं आहे. माझं नाव छिन्नीनं काढून टाकावं आणि त्या जागी तिचं कोरावं. मग अंतराचा प्रश्नच राहत नाही. सही.

साक्षीदार दुसरा: गित्सा, न्हावी. दोघं शुद्धीत आहेत. एकमेकांवर ओरडताहेत तेवढंच. सही.

माझ्या सहीपूर्वी शेवटचं कलम. पहिल्या साक्षीदारानं आपल्या मनानं घातलेली ओळ रद्द समजावी. मृत्युपत्र माझं आहे. इथे तरी त्याला माझ्यापुढे जाऊ देणार नाही. त्याचं नाव कुणी खोडू नये. तिचं वर कोरावं, त्याचं खाली. अंतर ठेवायची गरज नाही.

मानोले व्हर्नाव
ओइतुझ खिंडीखाली, १४ ऑगस्ट १९१६